शिक्षक पात्रता परीक्षा : गैरप्रकार, प्रतिबंध आणि शिक्षा

कॉपी म्हटले की परीक्षागृहातील चिठ्ठी आठवते. महाराष्ट्रातील जानेवारी २०२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत मात्र गैरप्रकार झाला तो पेपर संपल्यानंतर, निकालाच्या टप्प्यावर. १५० पैकी ९० गुण (राखीव प्रवर्गास ५५ टक्के) न मिळविलेल्यांना पैसे घेऊन पात्र ठरविल्याचे तपासात आढळले. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवार अपात्र ठरले. त्यांपैकी काही तोवर वर्गात शिकवीत होते.

येथे पर्यवेक्षक कितीही दक्ष असता तरी उपयोग नव्हता. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि जाहीर उत्तरसूची यांवरून उमेदवार स्वतःचे गुण ताडून पाहू शकतो, शेजाऱ्याचे वाढविलेले गुण नव्हे. म्हणून मूळ उत्तरपत्रिका जपून ठेवणे आणि निकाल लावणाऱ्या कंपनीखेरीज दुसऱ्याच यंत्रणेकडून त्यांची नमुना-तपासणी करवून घेणे अगत्याचे ठरते.

शिक्षेबाबत कायदे सारखे नाहीत. नार्नूरचा मराठीभाषक उमेदवार तेलंगणातील सार्वजनिक परीक्षेस बसतो, तेव्हा आंध्र प्रदेशाकडून आलेला १९९७ चा कायदा लागू होतो : तीन ते सात वर्षे कैद व ५ हजार ते १ लाख रुपये दंड. केंद्राच्या २०२४ च्या कायद्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर व परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांवर आहे. कंपनीस १ कोटीपर्यंत दंड होतो. उमेदवाराचा निर्णय मात्र त्याने परीक्षा मंडळाच्या नियमांवर सोडला आहे.