वीतभर कागद, सातशे किलोमीटरची वाट

ईसीजीच्या यंत्रातून कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. समजा, नागपूरच्या झिरो माइलपाशी हे यंत्र एखाद्याच्या छातीला लावलं आणि थांबवलंच नाही. मिनिटाला दीड मीटर कागद, तासाला ९० मीटर, दिवसाला २ किलोमीटर १६० मीटर. हा कागद समृद्धी महामार्गावर अंथरत गेलो, तर ११ महिने भरायच्या आत ७०१ किलोमीटरचा तो अख्खा रस्ता झाकून जाईल. आणि त्या सगळ्या वाटेवर, साधारण दर २ सेंटिमीटरला, हृदयाचा एक ठोका उमटलेला असेल. एकाच माणसाच्या, एका वर्षाच्या आतल्या ठोक्यांचा हा पसारा!

आता रात्री दोन वाजता नागपूरच्या ‘मेडिकल’ नाहीतर ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरकडे बघा. गडचिरोलीहून, गोंदियाहून, पलीकडच्या बालाघाटहून पेशंट आलेला असतो. छातीत धडधडतंय, दरदरून घाम फुटलाय. डॉक्टरच्या हातात त्या सातशे किलोमीटरपैकी किती कागद येतो? १० सेकंदांचा, म्हणजे २५ सेंटिमीटर. एक वीत आणि वर जेमतेम बोटभर. तेवढ्यावरून हृदयाची वीज कुठे वाट चुकली, हे त्याला ओळखायचं असतं. हे शिकवता येतं आणि शिकता येतं, याचंच मला सर्वांत नवल वाटतं.

हृदयाला ठोका द्यायला मेंदू सांगत नाही. मेंदू वेग कमीजास्त करतो, पण ठिणगी हृदयाची स्वतःची. उजव्या वरच्या कप्प्यात जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचा पेशींचा एक पुंजका आहे, सायनस नोड. तिथून निघालेली वीज वरच्या कप्प्यांत पसरते, मग मधल्या एव्ही नोडपाशी येऊन सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळते. हा थांबा मोलाचा आहे, कारण तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात. मग वीज झपकन खालच्या कप्प्यांत उतरते आणि हृदय आवळतं. कागदावर वरच्या कप्प्यांची छोटी टेकडी म्हणजे पी, खालच्या कप्प्यांचा उंच सुळका म्हणजे क्यूआरएस, आणि वीज ओसरून हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं ती टी.

ही दोन्ही ठाणी शोधली कुणी? एव्ही नोडचं गूढ उकललं सुनाओ तावारा यांनी. जपानहून जर्मनीतल्या मारबुर्गला शिकायला गेलेला हा तरुण डॉक्टर. त्याचं पुस्तक १९०६ साली आलं. सायनस नोड मार्टिन फ्लॅक या वैद्यकीय विद्यार्थ्याला एका चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या, मोलच्या हृदयात दिसला. त्याचे गुरू आर्थर कीथ सायकलवरून फिरून परतले, तेव्हा हा पोरगा सूक्ष्मदर्शकापाशी हरखून त्यांची वाट बघत होता. १९०७ साली दोघांनी तो शोध जगापुढे मांडला. हृदयाच्या विजेची दोन मुख्य ठाणी शिकणाऱ्यांनीच शोधून काढली!

शिकणाऱ्याला वॉर्डात पहिला धडा मिळतो तो प्रश्नांचा. सिनियर कागद समोर धरतात आणि विचारतात: रेट किती? ठोके एकसारख्या अंतरावर आहेत का? क्यूआरएस अरुंद की रुंद? प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का? कागदावरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन सुळक्यांमधले मोठे चौकोन मोजायचे आणि ३०० ला त्या आकड्यानं भागायचं. चार चौकोन असतील तर मिनिटाला ७५ ठोके. दोनच असतील तर १५०, आणि मग सगळ्यांचे कान टवकारतात.

समजा, रेट १८०, ठोके एकसारखे, क्यूआरएस अरुंद. बहुतेकदा अशा वेळी वीज एव्ही नोडच्या आसपास गोल रस्त्यात अडकलेली असते, घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. बैलाला क्षणभर अडवलं की घाणा थांबतो. त्यासाठीचं एक अवजार म्हणजे १० मिलिची साधी सिरिंज. पेशंटला अर्धवट बसवून, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद तिच्यात फुंकायला लावायचं, मग लगेच आडवं करून पाय ४५ अंशांवर उचलून धरायचे. पाय वर होताच छातीकडे रक्ताचा लोंढा येतो, व्हेगस नावाची नस एव्ही नोडला आवर घालते आणि चक्र तुटतं. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत नुसतं फुंकून १७ टक्के पेशंटांचा ठोका ताळ्यावर आला, फुंकून झाल्यावर पाय उचलले तेव्हा ४३ टक्क्यांचा. काही रुपयांची सिरिंज आणि पाय धरायला एक ज्युनियर, बस.

तेवढ्यानं जमलं नाही तर ॲडेनोसिन. हे औषध रक्तात १० सेकंदांतच निम्म्याहून कमी उरतं, म्हणून ते दंडाजवळच्या शिरेतून झटक्यात द्यायचं आणि मागोमाग सलाइन ढकलायचं. मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट होते. पेशंटला आपण चाललो असं वाटतं, म्हणून ‘क्षणभर घाबरायला होईल, मी इथेच आहे’ हे आधी सांगणं हासुद्धा प्रशिक्षणाचा भाग आहे.

क्यूआरएस रुंद असेल तर गोष्ट वेगळी. वेगवान आणि रुंद म्हणजे धोका खालच्या कप्प्यांत आहे असंच आधी धरून चालायचं. बीपी कोसळत असेल तर शॉक. पण शॉकचीही वेळ असते. ठोक्यानंतरच्या टी लाटेवर एक नाजूक क्षण येतो; नेमका त्यावर झटका बसला तर हृदय नुसतं थरथरत राहू शकतं. म्हणून यंत्रावरचं ‘सिंक’ बटण दाबायचं, म्हणजे यंत्र सुळका ओळखून त्याच्यावरच झटका देतं. आणि हृदय आधीच थरथरत असेल, तर हेच बटण बंद हवं. नाहीतर यंत्र न येणाऱ्या सुळक्याची वाट बघत बसेल. तिथे शॉकला लागणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटवतं. म्हणून छाती दाबणं, शॉक, पुन्हा छाती दाबणं हे पुतळ्यावर इतक्या वेळा करून घेतात की हातांनाच ते पाठ व्हावं.

तरीही कागद एकटा पुरत नाही. पेशंट दात घासत असेल तरी कागदावर जीवघेण्या लयीसारखी नक्षी उमटू शकते. संधिवातज्वरानं झडप अरुंद झालेल्या तरुण बाईत वरचे कप्पे थरथरत असतील, तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. तिथे दोघं निवासी डॉक्टर एकाच मिनिटात मोजतात, एक छातीवर स्टेथोस्कोप ठेवून, दुसरा नाडी धरून. दोन आकड्यांतला फरक म्हणजेच निदानाचा धागा. तो सापडला की रक्त पातळ करणारी गोळी वेळेवर सुरू होते आणि लकवा टळू शकतो.

पेशंटपाशी बसून शिकण्याचं मोल नागपूरनं पाहिलं आहे. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावसकर रायगडातल्या महाडकडे गेले. लाल विंचवाचं विष हृदयावर कसा घाला घालतं, हे त्यांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून, नाडी आणि बीपी टिपत पाहिलं. ती निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

एमडी मेडिसिनची तीन वर्षं, हृदयरोगाचं डीएम करायचं तर आणखी तीन. त्या काळात हा डॉक्टर हजारो कागद बघतो आणि हळूहळू त्या विती जोडून पूर्ण वाट डोळ्यांसमोर आणायला शिकतो. पण त्याला एक मदत फक्त तुम्हीच करू शकता. धडधड सुरू असेल, तेव्हाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढलेला कागद बहुधा काहीच बोलत नाही. आणि जुना ईसीजी जपून ठेवा. तो उष्णतेनं छपाई होणाऱ्या कागदावर असतो, कालांतरानं पुसट होतो, लॅमिनेट केला तर काळा पडतो. म्हणून आजच त्याचा मोबाइलवर फोटो काढा, एक झेरॉक्स फाइलीत लावा. रात्री दोन वाजता तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या तरुण डॉक्टरच्या हातात एकाऐवजी दोन विती असतील, आणि काल आणि आज यांतला फरक त्याला दिसेल.