प्रश्नावलीतले आकडे आणि फसवी सरासरी

‘कामावर कशाने जाता?’ या प्रश्नाच्या उत्तरांना बस १, रेल्वे २, दुचाकी ३ असे आकडे दिले जातात. हे संकेतांक (उत्तराची नुसती खूण) असतात, मोजमाप नव्हे. पण १९६८ पासून वापरात असलेलं एसपीएसएस हे सांख्यिकी सॉफ्टवेअर त्यांचीही सरासरी बिनतक्रार काढून देतं. नवशिक्यांची गफलत होते ती इथंच. पडद्यावर सगळे आकडे सारखेच दिसतात ना!

पिनकोडचंही तसंच: मुंबईचा ४००००१, पुण्याचा ४११००१. सरासरी काढून लोणावळा सापडत नाही.

‘उत्तर नाही’साठीचा ९९ हा संकेतांक तर आणखी महागात पडतो. पाचपैकी गुण मागितले, नऊ जणांनी ४ दिले, दहावा गप्प, सरासरी १३.५! एसपीएसएसच्या ‘व्हेरिएबल व्ह्यू’मध्ये ९९ची ‘मिसिंग’ (हिशेबातून वगळायचं मूल्य) अशी नोंद केली की सरासरी ४ येते. प्रवासाच्या प्रश्नासाठी मात्र वारंवारता सारणीच (कोणतं उत्तर किती जणांचं, याचा तक्ता) काढावी.