उलट्या-जुलाब: पोटाची साथ आहे की अन्नातून विषबाधा? कसे ओळखाल?

घरात एकाला उलट्या सुरू झाल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काल काय खाल्लं होतं?" मग कालच्या भेळेवर, लग्नातल्या जेवणावर नाहीतर शेजारून आलेल्या भाजीवर खापर फुटते. पुष्कळदा ते अन्न निर्दोष असते आणि खरे कारण असते पोटाचा विषाणू. उलटही घडते. जेवणातून विषबाधा झालेली असते, पण "सध्या व्हायरल चालूये" म्हणून घरचे लोक दोन दिवस अंगावर काढतात. धाराशिवसारख्या जिल्ह्यात यात्रा, सप्ताह, कंदुरी आणि उपवास वर्षभर चालू असतात, पाणी अनेक गावांत टँकरचे किंवा बोअरचे असते. इथे दोन्ही गोष्टी घडतात, म्हणून फरक ओळखता आलेला बरा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पहिल्या काही तासांत दोन्हींचा उपचार जवळजवळ सारखाच असतो, तो म्हणजे अंगातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे. त्यामुळे कारण सापडेपर्यंत ओआरएस देण्यासाठी थांबू नका. कारण ओळखायचे ते पुढच्या निर्णयांसाठी: रुग्णाला वेगळे ठेवायचे का, उरलेले अन्न जपून ठेवायचे का, आरोग्य केंद्राला कळवायचे का, आणि कुठल्या लक्षणाची वाट न पाहता गाडी काढायची.

पहिला प्रश्न: किती वाजता जेवलात, किती वाजता त्रास सुरू झाला?

डॉक्टर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, आणि बहुतेक घरांत त्याचे नीट उत्तर मिळत नाही. वेळ आठवून ठेवा.

जेवल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांच्या आत जोरदार उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू हाताच्या जखमेतून, नाकातून अन्नात जातो आणि खवा, पेढा, बासुंदी, श्रीखंड अशा पदार्थांत उबेला वाढतो. भूम, कुंथलगिरीचा खवा आपल्याकडची शान आहे. तो चांगला आणि थंड ठेवलेला असेल तर काळजी नाही, पण उन्हाळ्यात दिवसभर पिशवीत फिरलेला पेढा वेगळा. शिजवून तसाच बाहेर ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकला, तरीही असेच होऊ शकते. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे उलटी करणारे विष फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. अशा त्रासात ताप सहसा नसतो किंवा थोडाच असतो, आणि बहुतेक जण एका दिवसात बरे होतात.

सहा ते चोवीस तासांनी उलटी फारशी नाही, पण पोटात जोरात मुरडा आणि पातळ जुलाब असतील, तर मोठ्या पातेल्यातल्या जेवणाकडे पाहा. कंदुरीचे मटण रात्री शिजवले, झाकून ठेवले आणि सकाळी कोमट करून वाढले, की पातेल्याच्या मधला भाग तासन्तास उबदार राहतो. काही जिवाणूंना तेवढे पुरते.

पोटाचा विषाणू, म्हणजे नोरोव्हायरस, शरीरात शिरल्यावर साधारण १२ ते ४८ तासांनी लक्षणे दाखवतो. लहान मुलांतला रोटाव्हायरस सुमारे दोन दिवस घेतो. म्हणजे रात्री जेवून तासाभरात उलटी झाली, तर त्या जेवणातून आलेला विषाणू हे कारण असण्याची शक्यता फार कमी.

मात्र घड्याळ नेहमीच खरे सांगते असे नाही. साल्मोनेला या जिवाणूची लक्षणे दिसायला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. त्यात ताप असतो, कधी शौचात रक्तही. अशा वेळी कालचे जेवण दोषी नसून तीन दिवसांपूर्वीचे असू शकते.

दुसरा प्रश्न: आणखी कोणाला झाले?

एकाच पंगतीला बसलेले लोक काही तासांच्या अंतराने एकत्र आजारी पडले, मग ते वेगवेगळ्या गावांत परतले असले तरी, तर विषबाधा समजायला हरकत नाही. उलट, आधी शाळेत जाणारा मुलगा, दीड दिवसाने त्याची आई, मग आजी असे एकामागून एक आजारी पडले, तर तो विषाणू आहे. विषाणू घरात पायरीपायरीने फिरतो.

२० फेब्रुवारी २०२४ ला बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहाचा प्रसाद होता. एकादशी असल्याने भगर आणि आमटी होती. रात्री शेकडो लोकांना मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. ते फोटो देशभर गेले. त्याआधी दोनच आठवडे, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला बाळूमामांच्या पालखीच्या कार्यक्रमात प्रसादानंतर दोन हजारांवर लोक आजारी पडल्याच्या बातम्या होत्या. तोही दिवस एकादशीचा. इतके लोक, एकच जेवण आणि काही तासांत लक्षणे, हे चित्र विषाणूच्या साथीचे नाही.

भगरीबद्दल थोडे सविस्तर

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरच काय, आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत नऊ दिवस भगर शिजते. भगर म्हणजे वरई वाईट धान्य नाही. अडचण साठवणुकीची आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत ओल लागलेल्या भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती विषे तयार करते. ही विषे शिजवून जात नाहीत. "आम्ही चांगली उकळली होती" हे वाक्य इथे उपयोगाचे नाही.

भगरीच्या विषबाधेची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: उलटी-मळमळीबरोबर चक्कर, अंगाला कंप किंवा थरथर, हातपाय गळाल्यासारखे वाटणे. पोटाच्या विषाणूत अशक्तपणा येतो, पण थरथर कापणे सहसा दिसत नाही.

मी रुग्णांना सांगतो की सुटी भगर आणि विशेषतः तयार पीठ घेऊ नका. पीठ हवेतली ओल लवकर ओढते. पाकीटबंद, तारीख असलेली भगर आणा, निवडून, धुऊन, हवे तेवढेच पीठ घरी काढा. गेल्या उपवासाची उरलेली पिशवी या उपवासाला काढू नका. उपाशीपोटी भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा असे सगळे एकदम भरपूर खाल्ल्याने होणारी जळजळ वेगळी. तिला विषबाधा म्हणून घाबरायचे कारण नाही.

विषाणूचा त्रास कसा दिसतो

अचानक मळमळ, उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, अंगदुखी, थोडा ताप. शौचात रक्त नसते. नोरोव्हायरस एक ते तीन दिवसांत उतरतो. रोटाव्हायरसमध्ये लहान मुलांचे जुलाब आठवडाभरही चालू शकतात. रोटाव्हायरसची लस २०१९ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी दिली जाते. बाळाच्या कार्डावर ती नोंद आहे का, हे आशाताईंकडून एकदा पाहून घ्या.

नोरोव्हायरसवर हाताला चोळायचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. पाणी टंचाईच्या दिवसांत हे सांगणे सोपे आणि करणे अवघड, याची मला कल्पना आहे. निदान शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि भाकरी थापायला बसण्याआधी तांब्याभर पाणी हातांसाठी राखून ठेवा. रांजणात हात बुडवू नका, ओगराळे वापरा. आजारी माणसाने उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस घरच्यांसाठी किंवा पंगतीसाठी स्वयंपाक करू नये. कारण विषाणू आचाऱ्याच्या हातून जेवणातही उतरतो. तेव्हा मात्र साथ आणि विषबाधा या दोन्ही एकच गोष्ट होतात.

घरी काय करायचे

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदमच घाला. अर्धे पाकीट पेल्यात असे अंदाजाने करू नका. क्षार कमी-जास्त होणे लहान मुलाला बाधते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. आईचे दूध बंद करू नका. मधुमेह असलेल्यांनाही जुलाबात ओआरएस चालते.

दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेये मिळतात. त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या.

"एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल" ही मागणी रोजची आहे. पिता येत असेल तर ओआरएस तेच काम करते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले होते. ज्याला पिता येत नाही किंवा जो सुस्तावला आहे, त्याला मात्र सलाईनच हवे.

मुलांना डॉक्टर जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करा. जुलाब बंद करणारी गोळी मुलांना कधीच देऊ नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. बीपी आणि मधुमेहाच्या काही गोळ्या जुलाबात थोडे दिवस थांबवाव्या लागतात. ते फोनवर विचारा, पण इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.

थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा

सहा-आठ तास लघवी नाही. मूल मलूल, डोळे खोल, रडताना पाणी येत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू सपाट होते. पोटात पाणीही टिकत नाही. शौचात रक्त, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब सतत. ताप १०२ च्या वर. एकाच जागी वाढत जाणारी पोटदुखी. गरोदर बाई, तान्हे बाळ, सत्तरीचे आजोबा यांच्याबाबतीत तर याहून आधीच निघा. चक्कर-थरथर वाढत असेल, बोलणे जड झाले, दोन-दोन दिसू लागले, पापण्या झुकल्या, तर ते साधे पोट बिघडणे नाही.

आपल्या सोयाबीन-तुरीच्या भागात आणखी एक शक्यता डोक्यात हवी. फवारणी करून आलेल्या किंवा औषधाच्या डब्याजवळ खेळलेल्या माणसाला उलट्या-जुलाबाबरोबर तोंडातून लाळ, भरपूर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, छातीत घरघर असेल, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजा. कपडे काढून, अंग धुऊन, औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत घेऊन लगेच जिल्हा रुग्णालयाकडे निघा. मीठ-पाणी पाजून उलटी करायला लावू नका.

एकाच जेवणानंतर दोन-चार घरांत त्रास सुरू झाला, तर लाजेखातर किंवा यजमानाचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसू नका. उरलेले अन्न फेकू नका आणि कोणाला खाऊ देऊ नका. स्वच्छ डब्यात झाकून, शक्य असेल तर फ्रीजमध्ये, वेगळे ठेवा. भगरीचे किंवा पिठाचे पाकीट, दुकानाची पावती जपा. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा: कोण जेवले, किती वाजता, कोणाला कधी सुरू झाले. कागदावर लिहून दिलेत तर फारच बरे. रुग्ण शंभर झाल्यावर कळण्यापेक्षा पाच झाल्यावर कळले, तर केंद्राला सलाईन, ओआरएस आणि गाड्या वेळेत जमवता येतात.