मोटारीच्या डोळ्याची पूर्वतयारी



नव्या मोटारीच्या पुढच्या काचेकडे नीट पाहिलें, तर आंतल्या आरशाच्या पाठीमागें काचेला टेकून बसलेली एक लहानशी काळी डबी दिसते. त्या डबींत कॅमेरा असतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा, पुढें चाललेली गाडी, आडवा येणारा पादचारी, हें सर्व तो पाहतो. चालकाचें लक्ष क्षणभर ढळलें तर त्यास सावध करतो, आणि प्रसंग पडल्यास आपण होऊन ब्रेकहि लावतो. ‘चालक-साहाय्य’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अ‍ॅडास’ या नांवानें ही व्यवस्था ओळखली जाते. भारतांत २०२१ सालीं महिंद्रांची ‘एक्सयूव्ही ७००’ व २०२२ सालीं होंडाची हायब्रिड ‘सिटी’ बाजारांत आली, आणि तेव्हांपासून हा डोळा आपल्याकडील मध्यमवर्गाच्या दारींहि दिसूं लागला. युरोपीय संघांत तर जुलै २०२४ पासून नव्यानें नोंदविल्या जाणाऱ्या मोटारींना आपोआप ब्रेक लावणारें साधन सक्तीचें झालें आहे.

आजच्या भाषणांत या डोळ्याचें कौतुक करण्याचा माझा हेतु नाहीं. काच बदलली, किंवा चाकांचें कांहीं मोठें काम केलें, म्हणजे या कॅमेऱ्याची दृष्टि पुन्हां जुळवून घ्यावी लागते. या क्रियेस कारखान्यांत ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात; शास्त्रीय मराठींत ‘अंशांकन’ असा शब्द आहे. तिचें यश बव्हंशीं यंत्र चालूं करण्यापूर्वीं गाडीची जी तयारी करावयाची असते तिच्यावर अवलंबून असतें, आणि त्या तयारींत घरच्या माणसांचाहि वांटा आहे, एवढेंच मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम हा डोळा अंतर कसें ओळखतो तें पाहूं. एकट्या कॅमेऱ्यास अंतर थेट दिसत नाहीं. त्याच्यापुढें असतें तें एक सपाट चित्र. पुढच्या गाडीचीं चाकें रस्त्यास जेथें टेकतात, ती जागा चित्रांत क्षितिजाच्या किती खालीं आहे, यावरून तो अंतराचा हिशेब बांधतो. चौपाटीवर उभें राहून समुद्राकडे पाहिलें असतां जवळची होडी क्षितिजरेषेच्या बरीच खालीं दिसते, आणि दूर गेलेली होडी त्या रेषेला चिकटल्यासारखी वाटते. तोच हा न्याय.

आतां थोडी आकडेमोड करूं. समजा, कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर आहे, आणि ५० मीटर पुढें एक ट्रक उभा आहे. त्या ट्रकच्या चाकांकडे पाहतांना कॅमेऱ्याची दृष्टि आडव्या रेषेपासून केवळ दीड अंश खालीं झुकते. एवढ्या बारीक कोनावर सर्व हिशेब उभा असतो. आपण नेमके कोणीकडे पाहत आहों, याविषयींची कॅमेऱ्याची समजूत एका अंशाच्या पांचव्या भागानें चुकली, तर हेंच ५० मीटर अंतर त्याच्या हिशेबीं ५८ मीटरच्या आसपास जातें, किंवा उलट बाजूस ४४ मीटरवर येतें. एक-पंचमांश अंश म्हणजे किती? पुढच्या व मागच्या चाकांमध्यें २.७ मीटर अंतर असलेली गाडी मागच्या बाजूनें सुमारें एक सेंटिमीटर खालीं बसली, कीं तेवढा कल आलाच. डिकींत तांदळाचीं दोन-तीन पोतीं असलीं, तर तेवढ्यानें गाडी सहज बसते.

धोका कोठें आहे, तें आतां ध्यानांत येईल. भरलेल्या डिकीनिशीं गाडी उभी करून दृष्टि जुळविली, तर नाक वर उचललेली ती स्थितीच कॅमेरा गाडीची सरळ स्थिति समजतो. पुढें सामान उतरतें, गाडी समतल होते. पण कॅमेऱ्याच्या हिशेबांतला कल तसाच राहतो. ५० मीटरवरचा ट्रक त्यास ५८ मीटरवर भासतो. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर पुढें जाते. म्हणजे जेथें ब्रेक लागावयास हवा, तेथून पाव सेकंदाहून अधिक काळ उलटून गेल्यावर तो लागेल. अपघात टळणें किंवा न टळणें कित्येकदां इतक्याच वेळावर अवलंबून असतें.

हा हिशेब मीं मुद्दाम सोपा केला आहे. प्रत्यक्षांत हीं यंत्रें पुढील गाडीच्या आकारावरून व तिच्या वाढत जाणाऱ्या प्रतिमेवरूनहि पडताळा घेतात. कित्येक गाड्यांत जोडीला रडार असतें. आणि चालतां चालतां लहानसहान चुका यंत्र स्वतःच सुधारून घेतें. कोणी म्हणेल, प्रवासांत माणसें व सामान चढणार-उतरणारच. मग एवढी काळजी कशाला? तर तेवढा चढउतार यंत्र रचणाऱ्यांनीं गृहीत धरलेला असतो. परंतु ज्या शून्यापासून मोजावयाचें तें शून्यच सरकलें, तर प्रवासांतला प्रत्येक नवा कल त्या मूळच्या चुकीवर चढत जातो.

जी गोष्ट वर-खालीं, तीच डावी-उजवीकडे. कॅमेरा एक अंश बाजूस वळलेला असला, तर ५० मीटरवर सुमारें ८७ सेंटिमीटरांचा फरक पडतो. आपल्या महामार्गांवर गाड्यांच्या एका पट्ट्याची रुंदी ३.५ मीटर धरतात. तिचा हा चौथा हिस्सा झाला. शेजारच्या पट्ट्यांतील गाडी आपल्याच वाटेंत आहे, असा यंत्राचा ग्रह होण्यास असा फरक कारण होऊं शकतो.

दृष्टि जुळविण्याचे प्रसंग कोणते? पुढची काच बदलणें, कॅमेरा काढून पुन्हां बसविणें, टक्कर होणें, चाकांचें अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचें काम करणें, आणि गाडीची उंची बदलेल असे टायर किंवा स्प्रिंगा घालणें, हे मुख्य होत. प्रत्येक कारखानदाराचे नियम थोडेबहुत निराळे असतात, म्हणून अखेरचा शब्द त्या गाडीच्या पुस्तिकेचाच मानावा. तयारीचा क्रम मात्र बहुतेक सर्वत्र सारखाच आहे.

आरंभ काचेपासून करावा. कॅमेरा काचेंतूनच पाहतो, म्हणून ही काच त्याच्या चष्म्यासारखी आहे. तिची जाडी, तिचा बांक, आणि कॅमेरा ज्या पकडींत बसतो ती पकड, हीं सर्व मूळच्या मापाचीं असलीं पाहिजेत. काच नवी बसविली असल्यास तिचा चिकट मसाला पुरता आवळेपर्यंत थांबावें. त्यानंतर कॅमेऱ्यासमोरचा भाग आंतून व बाहेरून निर्मळ करावा. आपल्याकडे या काचेवर पुष्कळ गोष्टींची गर्दी होते. २०२१ सालापासून चारचाकी वाहनांस फास्टॅग आवश्यक झाला आहे. तो याच काचेवर चिकटवावा लागतो. त्याखेरीज सोसायटीचा परवाना, देवाचें चित्र, आरशाला टांगलेली माळ, दसऱ्याच्या पूजेंत काढलेलें कुंकवाचें स्वस्तिक, हीं असतातच. पूजा अवश्य करावी. फक्त कॅमेऱ्यासमोरची तळहाताएवढी जागा मोकळी ठेवावी.

दुसरी गोष्ट टायरांची. चारहि टायर पुस्तिकेंत सांगितलेल्या मापाचे असावेत, आणि त्यांची झीज फारशी कमी-अधिक नसावी. हवा भरावयाची ती टायर थंड असतांना, आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याप्रमाणें. एका बाजूच्या टायरांत हवा कमी असली, तर सगळी गाडी त्या बाजूस झुकते आणि तिच्याबरोबर कॅमेराहि झुकतो.

तिसरी गोष्ट वजनाची. येथें घरच्या माणसांचें काम सर्वांत अधिक आहे. कोंकणांतून आणलेल्या आंब्यांच्या पेट्या, मुलांच्या क्रिकेटचें सामान, प्रवासाच्या पिशव्या, छपरावरची सामानाची चौकट, हें सगळें उतरवून गाडी रिकामी करावी. मात्र जादा चाक, जॅक व मूळचीं हत्यारें जागच्या जागीं राहूं द्यावीं. तीं गाडीच्या वजनांत धरलेलींच असतात. पेट्रोलाच्या टाकीविषयीं पुस्तिकेचा नियम पाहावा. कित्येक कारखानदार टाकी पूर्ण भरण्यास सांगतात. ५० लिटर पेट्रोलाचें वजन ३७ किलोंच्या आसपास भरतें, म्हणून ही सूचना क्षुल्लक समजूं नये. काम चालूं असतांना गाडींत कोणी बसूं नये, दारें बंद असावीं, आणि कोणी गाडीला टेकून उभें राहूं नये.

चौथी गोष्ट चाकांच्या दिशेची. गाडीची नैसर्गिक वाट मागचीं चाकें ठरवितात. तीं किंचित् तिरपीं असलीं, तर गाडी खेंकड्यासारखी आडवी सरकत पुढें जाते, आणि सरळ जाण्यासाठीं चालक स्टिअरिंग नकळत एका बाजूला धरून ठेवतो. अशा गाडीचें नाक एकीकडे व चाल दुसरीकडे असते. कॅमेऱ्यास ‘समोर’ म्हणून जी दिशा शिकवावयाची, ती तिच्या चालीची असली पाहिजे. म्हणून सैल सांधे, बसलेल्या स्प्रिंगा व अलाइनमेंट हीं कामें आधीं उरकावीं, स्टिअरिंग सरळ करावें, आणि मगच कॅमेऱ्याला हात लावावा. हा क्रम उलटा झाला, तर केलेलें काम पुन्हां करावें लागतें.

पांचवी गोष्ट विजेची. या कामाला वेळ लागतो. त्या अवधींत इंजिन बंद पण विजेचीं साधनें चालूं असतात. बॅटरी अशक्त असल्यास यंत्राचें संभाषण मध्येंच तुटतें. यासाठीं दाब स्थिर ठेवणारा चार्जर जोडतात. गाडीच्या स्मरणांत आधींचे कांहीं दोष नोंदलेले असले, तर तेहि अगोदर वाचून दूर करावे लागतात.

आतां जागा. कांहीं गाड्यांची दृष्टि बंदिस्त जागेंत, गाडी उभी ठेवून जुळवितात. त्यासाठीं समतल जमीन, सारखा उजेड आणि गाडीपुढें कांहीं मीटर मोकळी जागा लागते. समोर काळ्या-पांढऱ्या आकृतींचा एक फलक ठराविक अंतरावर व ठराविक उंचीवर उभा करतात. गाडीची मध्यरेषा काढण्यासाठीं ओळंबा, दोरी व लेसरचा किरण वापरतात, आणि मापें मिलिमीटरांत घेतात. घर बांधणाऱ्या गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ अशा आधुनिक कामांतहि उपयोगी पडावीं, याचें नवल वाटतें खरें. पण सरळ आणि समतल हीं जेथें ठरवावयाचीं, तेथें जुन्या हत्यारांना अजून मान आहे. मागें चकचकीत भिंत, उन्हाची तिरीप किंवा फलकासारखी दुसरी आकृति असूं नये. त्यानें कॅमेऱ्याचा गोंधळ होतो.

दुसऱ्या कांहीं गाड्यांची दृष्टि रस्त्यावर गाडी चालवून जुळवितात, तर कांहींना दोन्ही विधि लागतात. रस्त्यावरच्या विधीसाठीं स्वच्छ हवा, ठळक रेघा आणि सांगितलेला स्थिर वेग लागतो. मुसळधार पावसांत किंवा पुसट रेघांच्या गल्लींत हें काम होत नाहीं. शहराबाहेरचा नीट आंखलेला रुंद मार्ग व वर्दळ कमी असलेली वेळ निवडावी.

शेवटीं एक इशारा. काम संपलें, कीं यंत्राच्या पडद्यावर ‘यशस्वी’ असा शब्द उमटतो, आणि आपण निर्धास्त होतों. पण त्या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. कॅमेऱ्याला फलक सांपडला आणि हिशेब नेमून दिलेल्या मर्यादेंत बसला, इतकेंच यंत्र सांगतें. डिकींत पोतीं होतीं कीं नव्हतीं, टायरांत हवा किती होती, जमीन समतल होती कीं उतरती, हें त्यास ठाऊक नसतें. तें पाहणें माणसाकडेच राहतें. म्हणून गाडी कारखान्यांत सोडतांना झालेली टक्कर, बदललेली काच किंवा नवे टायर, यांपैकीं कांहीं लपवूं नये. हवेचा दाब, उंचीचीं मापें व आधीं-नंतरच्या दोषांची नोंद लेखी मागून घ्यावी. आणि काच बदलण्याचा खर्च विचारतांना दृष्टि जुळविण्याचा खर्च त्यांत धरला आहे कीं नाहीं, हेंहि विचारावें. पैसे वांचविण्यासाठीं ही पायरी गाळली, तरी पडद्यावर दिवा लागेलच असें नाहीं. गाडी रोजच्यासारखीच चालेल, आणि चूक उघडकीस येईल ती नेमकी संकटाच्या वेळीं.

हा डोळा चालकाचा सोबती आहे. चालकाची जागा तो घेत नाहीं. परंतु सोबत्यावर आपण थोडाफार विसंबतोंच, म्हणून तो खरें बोलणारा असावा, अशी व्यवस्था करणें आपलें काम आहे. पुढच्या खेपेस काच बदलण्याचा प्रसंग आला, तर गाडी नेण्यापूर्वीं एकदां डिकी उघडून पाहावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.