वॉशबेसिनचा जुना नळ काढताना

नळ गळू लागला की आपल्या घरांत आधी त्याला चिंधी बांधली जाते. मग खाली बादली येते, आणि प्लंबरला बोलावणे उद्यावर जात राहते. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. हजरत पैगंबर (स.) वुजूसाठी एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाणी वापरत. आपल्याकडे मात्र वुजूच्या बेसिनवरच रात्रभर ठिबक चालू असते.

पुष्कळदा दोष आतल्या रबरी वॉशरचा असतो. तो बदलून भागत असेल तर नळाला हात लावू नये. पण आतले आटे झिजले असतील किंवा नळच चिरला असेल, तर तो काढावाच लागतो. बेसिनवर उभा बसवलेला नळ, दुकानदार ज्याला पिलर कॉक म्हणतात, घरी काढता येतो.

आधी बेसिनखालचा अँगल कॉक बंद करा आणि वरचा नळ उघडून पाहा. धार थांबली नाही, तर वर्षानुवर्षे न फिरवलेला अँगल कॉकच निकामी झाला आहे असे समजा. मग गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. इमारतीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी कळवा. ऐन जोहरच्या वेळी कुणाचे पाणी गेले तर बोलणी ऐकावी लागतील.

आता खाली बादली ठेवून जोडनळी सोडवा. खरी कसोटी त्यानंतरची. नळाला बेसिनशी घट्ट धरणारा नट भांड्याच्या मागे, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी असतो. वरून कुणीतरी नळ घट्ट धरावा, दुसऱ्याने खालून टॉर्च लावून नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. (लहान मुलांचे सडपातळ हात इथे फार उपयोगी पडतात.) पांढरा क्षार चढला असेल तर सिरक्यात भिजवलेली चिंधी तासभर गुंडाळून ठेवा. गंज असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबा. पान्याला नळी अडकवून जोर वाढवण्याची युक्ती आम्हाला मुळीच पसंत नाही. नट सुटण्याआधी बेसिनच तडकते.

भिंतीतून थेट बाहेर आलेल्या नळाची गोष्ट वेगळी. जुन्या चाळींत आणि वाड्यांत भिंतीतला पाइप लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला असतो. नळ फिरवताना जोर त्या पाइपवर जातो, आणि गंजलेला पाइप आतल्या आत मोडतो. मग फरशा फोडाव्या लागतात, खालच्या घराच्या छताला ओल येते, आणि शंभर-दोनशेच्या नळापायी मोठा खर्च बसतो. म्हणून एका पान्याने पाइप धरायचा, दुसऱ्याने नळ फिरवायचा. पाइप धरण्याइतका बाहेर नसेल आणि बेताच्या जोराने नळ हलत नसेल, तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा.

निघालेला नळ पिशवीत घालून दुकानात न्या, म्हणजे माप चुकत नाही. घरातले नळ बहुधा अर्ध्या इंचाचे असतात. नंतर तो भंगारवाल्याला द्या. पितळी असेल तर वजनावर पैसे मिळतील, आणि प्लास्टिकवर चढवलेली चकाकी असेल तर तो हातात घेताच सांगेल.