जठर काढून टाकलं, तर माणूस जेवतो कसा?

‘जठराचा कॅन्सर आहे, जठर काढावं लागेल,’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, मग पेशंट जेवणार कसा?

तर, जठर नसतानाही माणूस तोंडानेच जेवतो आणि अन्न पचतंही. कारण जठराचं मुख्य काम म्हणजे अन्न साठवणं, घुसळणं आणि थोडं थोडं पुढे सोडणं. पचनाचा आणि शोषणाचा मोठा भाग लहान आतड्यात होतो.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

गाठ जठराच्या खालच्या भागात असेल, तर बऱ्याचदा तेवढा भाग काढून भागतं. ती वर असेल किंवा पसरलेली असेल, तर पूर्ण जठर काढावं लागू शकतं. सोबत आजूबाजूच्या लसिका ग्रंथीही काढतात, कारण कॅन्सर आधी तिथे पोहोचतो. पूर्ण जठर काढलं असेल, तर मग लहान आतडं वर आणून थेट अन्ननलिकेला जोडतात.

मग सगळ्यांचंच ऑपरेशन का होत नाही?

29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कॅन्सरसाठी जठराचा भाग काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पेशंट त्यातून बरी झाली, पण कॅन्सर पसरल्यामुळे साधारण चार महिन्यांत तिचा मृत्यू झाला.

आजही अडचण तीच आहे. गाठ काढता येते, पसरलेला कॅन्सर नाही. त्यामुळे आधी सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास दुर्बिणीने पोटात पाहणी होते. अनेकांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही केमोथेरपी देतात. कॅन्सर लिव्हरसारख्या दूरच्या अवयवात गेला असेल, तर सहसा औषधांवर भर असतो. याउलट, आतल्या अस्तरापुरती असलेली अगदी लहान गाठ कधी कधी एंडोस्कोपीनेच काढता येते.

ऑपरेशननंतर काय बदलतं?

दोन वेळच्या भरल्या ताटाऐवजी दिवसातून सहा ते आठ वेळा थोडं थोडं खावं लागतं. गोड जास्त झालं, तर अन्न झपाट्याने आतड्यात उतरतं आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात.

पूर्ण जठर काढलं असेल, तर बी-12 जन्मभर घ्यावं लागतं, बहुतेकदा इंजेक्शनने. ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. शरीरात बी-12चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे इंजेक्शन चुकलं तरी लगेच काही जाणवत नाही. पुढे हातापायांना मुंग्या येतात, आणि मज्जातंतूंचं नुकसान कायमचंही राहू शकतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचाला काळं होणं, गिळताना अन्न अडकणं, हिमोग्लोबिन कमी होणं. यामागे प्रत्येक वेळी कॅन्सर असतोच असं नाही. पण मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून महिने ढकलू नका. गोळीने त्रास दबतो, गाठ वाढतच राहते. एंडोस्कोपीला साधारण काही मिनिटंच लागतात.