विश्लेषण : दुचाकीवरून उतरल्यावर खांदे आणि पाठ का दुखते? गोळीशिवाय काय करता येईल?

सकाळच्या पहिल्या पाळीला वाळूजकडे जाणाऱ्या दुचाकींची रांग छत्रपती संभाजीनगरकरांना नवी नाही. सिडको, मुकुंदवाडी, सातारा-देवळाई या भागांतून निघालेला कामगार नगर नाका, छावणी, पंढरपूर ओलांडत पंधरा-वीस किलोमीटर जातो आणि पाळी संपली की तेवढेच अंतर परत येतो. दुसऱ्या टोकाला चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींकडे अशीच रांग लागलेली असते. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून मोटारसायकल तयार करणारे शहर म्हणून याची ओळख आहे आणि येथील रोजची धावपळही मोटारसायकलवरच चालते.

या धावपळीत एक दुखणे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. मानेच्या मुळाशी ओढ, दोन्ही खांद्यांवर ओझे ठेवल्यासारखे जडपण आणि फऱ्यांच्या मधोमध जळजळ. घरी आल्यावर बाम लावायचा, फारच झाले तर मेडिकलवरून गोळी आणायची आणि सकाळी पुन्हा गाडीला किक मारायची. हे दुखणे नेमके कशामुळे होते, ते कमी करता येते का आणि डॉक्टरांकडे कधी जावे, याविषयी...

दुखते ते नेमके काय?

मानेच्या मागून सुरू होऊन दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला एक मोठा स्नायू असतो. त्याला ट्रॅपेझियस म्हणतात. खांदे वर उचलणे, फरा जागेवर धरून ठेवणे आणि डोके सावरणे ही त्याची कामे. त्याच्या खाली, दोन फऱ्यांच्या मध्ये, फरा मणक्याकडे ओढून धरणारे लहान स्नायू असतात. दुचाकीस्वाराला होणारा त्रास बहुतांश वेळा या स्नायूंचा असतो. हाड सरकलेले नसते की नस दबलेली नसते. स्नायू थकलेला असतो.

वजन उचलले नाही, मग स्नायू थकतो कसा?

स्नायू आवळला आणि सैल सोडला की त्यातून रक्त खेळते. चालताना पायांचे असेच होते, म्हणून माणूस तासभर चालू शकतो. मात्र तोच स्नायू थोडासा आवळून बराच वेळ तसाच ठेवला, तर त्यातील रक्तप्रवाह मंदावतो. पाण्याने भरलेली बादली उचलून नेणे सोपे, पण भरलेला तांब्या हात लांब करून पाच मिनिटे धरणे अवघड, ते याचमुळे.

दुचाकीवर खांद्यांचे काम या तांब्यासारखे असते. हात पुढे, खांदे किंचित वर, डोके स्थिर. ओझे फार नाही, पण पाऊण तास सुटका नाही. त्यात प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे, वर हेल्मेटचा सव्वा-दीड किलो. मान ताठ असेल तर हे वजन मणके सहज पेलतात. हनुवटी पुढे काढून बसले, की तेच वजन मागच्या स्नायूंना दोरीसारखे ओढून धरावे लागते.

तिसरे कारण कंपनांचे. इंजिन आणि रस्त्याचे हादरे हाताला जाणवले की पकड नकळत घट्ट होते. घट्ट पकडीमुळे कोपर ताठ होते. ताठ कोपरातून पुढचा हादरा थेट खांद्यात जातो आणि पकड आणखी घट्ट होते.

खांद्यांवर हा भार येतो कुठून?

हात हे गाडी वळवण्यासाठी आणि ब्रेक-क्लच दाबण्यासाठी असतात. धडाचा भार कमरेने, पोटाच्या स्नायूंनी आणि मांड्यांनी घ्यायचा असतो. ही वाटणी बिघडली की कमरेचे काम खांद्यांकडे येते. ती बिघडण्याची नेहमीची कारणे अशी :

हँडल लांब पडणे. उंची कमी आणि गाडी मोठी असेल किंवा चालक सीटवर फार मागे बसत असेल, तर कोपरे सरळ होतात. स्पोर्ट्स प्रकारच्या गाड्यांत हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे असतात. त्यामुळे शरीर पुढे कलते आणि भार मनगटांवर येतो. अशी गाडी रोजच्या शहरी प्रवासासाठी घेताना हा विचार क्वचितच होतो.

पाठीवरची बॅग. डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, लॅपटॉप असे करत बॅग चार-पाच किलोची होते. ती खांद्यांना मागे ओढते, तोल सांभाळायला मान पुढे जाते. घरपोच जेवण आणि सामान पोहोचवणाऱ्या तरुणांच्या पाठीवर तर ही पेटी दिवसभर असते.

कान आणि खांद्यात मोबाइल. हेल्मेटमध्ये फोन खोचून किंवा खांद्याने दाबून बोलणे अपघाताला निमंत्रण आहेच. शिवाय एका बाजूची मान तेवढा वेळ वाकडी राहते.

वारा आणि थंडी. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ४० वरून ८० वर गेले, की छातीवरचा वाऱ्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. तो सोसताना हात हँडलला अक्षरशः लटकलेले असतात. डिसेंबर-जानेवारीतील पहाटेच्या गारठ्यात खांदे आपोआप कानांपर्यंत जातात आणि कारखान्याच्या गेटपर्यंत तिथेच राहतात.

यात रस्त्यांचा दोष किती?

बराच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. एवढ्या रुंदीवर चाक हळूहळू चढते आणि उतरते. गल्लीत किंवा वसाहतीच्या तोंडाशी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र हातोडीसारखा लागतो. खड्डे आणि उखडलेल्या कडांचेही तेच. रस्ता चालकाच्या हातात नाही, पण हादरा घेण्याची पद्धत हातात आहे. गतिरोधकाच्या आधी वेग कमी करून ब्रेक सोडावा, फुटरेस्टवर पाय दाबून बूड सीटवरून किंचित उचलावे आणि कोपरे सैल ठेवावीत. हादरा गुडघ्यांत जिरतो. गुडघे त्यासाठी खांद्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहेत.

आपला भार हातांवर आहे का, हे कसे ओळखावे?

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी. मेन स्टँड नसेल तर कोणाला तरी धरायला सांगावे. नेहमीसारखे बसून हँडल धरावे आणि शरीर न हलवता दोन्ही हात हँडलवरून दोन-तीन इंच वर उचलावेत. धड जागेवर राहिले तर भार कमरेवर आहे. धड पुढे झुकले तर इतके दिवस ते हातांनी तोलून धरलेले होते. अशा वेळी थोडे पुढे सरकून बसावे, मांड्यांनी टाकी हलकेच धरावी, पोट किंचित आत घ्यावे आणि चाचणी पुन्हा करावी. अनेकांना फरक तिथल्या तिथे कळतो.

दुखणे एकाच बाजूचे असेल तर तोही एक धागा आहे. फक्त डावा खांदा दुखत असेल तर क्लच जड झाला आहे का ते पाहावे. वाहतूक कोंडीत तो शेकडो वेळा दाबावा लागतो. फक्त उजवा दुखत असेल तर ॲक्सिलरेटर अडकत फिरतो का, हे तपासावे.

गाडीत काय बदलून घ्यावे?

यातील बहुतेक कामे नाक्यावरच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होतात. नळीसारखे हँडल असलेल्या गाड्यांत क्लॅम्प सैल करून ते थोडे मागे फिरवता येते. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर असे बसवावेत, की त्यांवर बोटे ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील. क्लच वायरला तेल घालावे, ती जुनी असेल तर बदलावी. कोनसेट खराब झाला असेल तर हँडल जड होते किंवा अडखळत वळते. तो बदलणे सुरक्षिततेसाठीही गरजेचे आहे.

मागचे शॉकअप कधीतरी डबलसीटसाठी कडक केलेले असते आणि नंतर एकटे फिरतानाही तसेच राहते. ते एक-दोन खाचा सैल करता येते. चाकांतील हवा अंदाजाने न भरता गाडीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी. जास्त हवेने हादरे वाढतात, कमी हवेने हँडल जड होते.

बॅग शक्यतो मागच्या सीटवर इलॅस्टिक दोरीने किंवा जाळीने घट्ट बांधावी. पाठीवरच घ्यायची असेल तर पट्टे इतके ठेवावेत, की बॅगेचा तळ सीटवर टेकेल. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे आणि डोक्याला नीट बसणारे हवे. सैल हेल्मेट वाऱ्याने हलते आणि मान त्याला सारखी सावरत राहते. मान दुखते म्हणून हेल्मेट काढून ठेवणे हा मात्र उपाय नाही.

हे सगळे बदल एकाच दिवशी करू नयेत. आठवडाभर एकच बदल करून पाहावा, म्हणजे नेमका दोष कशात होता ते समजते आणि खर्चही वाचतो.

व्यायाम कोणते आणि किती?

रोज दहा मिनिटे पुरतात. पहिला : ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्यावी, जणू मागच्या भिंतीला डोके लावायचे आहे. पाच सेकंद धरून सोडावी. दहा वेळा. दुसरा : दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढावेत, खांदे वर जाऊ देऊ नयेत. पाच सेकंद, दहा वेळा. तिसरा : दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती हळूच पुढे न्यावी. तीस सेकंद, तीन वेळा. चौथा : एक हात टेबलाला टेकवून पुढे वाकावे आणि दुसऱ्या हाताने पाण्याची भरलेली बाटली कमरेपर्यंत ओढावी. प्रत्येक बाजूने दहा वेळा.

पहिले तीन व्यायाम ताण सोडवतात, चौथा ताकद वाढवतो. फक्त ताणाचे व्यायाम केले तर तेवढ्यापुरते बरे वाटते. ताकद वाढायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. व्यायामाने हाताकडे कळ जाऊ लागली तर तो थांबवावा. कारखान्यात पोहोचल्यावर लगेच वजन उचलण्यापूर्वी दोन मिनिटे खांदे गोल फिरवावेत. लांबच्या प्रवासात दर पाऊण तासाने उतरून चालावे.

रोज गोळी घेतली तर काय बिघडते?

डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके एक-दोन दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर दिलासा देतात. मात्र ती रोज, मनाने आणि उपाशीपोटी घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तदाब वाढू शकतो. आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना धोका अधिक. शिवाय गोळीने कळ दबते, कारण तसेच राहते. शेकाने स्नायू सैल होतो आणि त्याचे असे दुष्परिणाम नाहीत. फक्त चटका बसू देऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दुखणे हातातून बोटांपर्यंत उतरणे, मुंग्या किंवा बधिरपणा येणे, हातातील वस्तू निसटणे ही मानेतील नस दबल्याची लक्षणे असू शकतात. पाय लटपटणे किंवा लघवीवरील ताबा जाणे हे मज्जारज्जूवरील दाबाचे लक्षण असू शकते, त्यात एक दिवसही घालवू नये. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल तरी तपासणी आवश्यक आहे. हात वर किंवा मागे नेताच येत नसेल तर खांदा आखडलेला असू शकतो. मधुमेहींमध्ये हे प्रमाण जास्त आढळते.

डाव्या खांद्यात किंवा दोन्ही फऱ्यांच्या मध्ये अचानक दुखू लागले आणि सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते दुचाकीचे दुखणे समजू नये. ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी स्वतः गाडी चालवत न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इतर वेळी, दोन-तीन आठवडे बदल करूनही फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. शहरात घाटी रुग्णालयात अस्थिरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्रात जुनाट म्हणतात आणि तिचा उपचार लांबतो. त्यामुळे सुट्टी मिळेल तेव्हा जाऊ, असे म्हणत राहणे महागात पडते. रोजंदारीवर किंवा डिलिव्हरीच्या कामावर असलेल्यांसाठी खांदा गेला तर मिळकतच थांबते.

आजपासून काय करता येईल?

एक गोष्ट बिनखर्चाची आहे. जालना रोडवर लाल दिवा लागला, की गाडी न्यूट्रल करावी, पाय टेकवावे, हात मांड्यांवर ठेवावेत आणि श्वास सोडताना खांदे खाली सोडावेत. हिरवा दिवा लागण्यापूर्वी हात पुन्हा हँडलवर यायला हवेत. स्नायूत रक्त खेळायला तेवढी उसंत उपयोगी पडते आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे सिग्नल अनेक लागतात.